उलगडणारी पँट

कासा बाजारात जीपस्टँडच्या मागे चिमण टेलरचं दुकान आहे. नव्वदच्या दशकात त्याने शिवलेली ढगळ पँट घातल्याशिवाय आसपासच्या पाड्यांतला तरुण विवळवेढ्याच्या महालक्ष्मीच्या यात्रेला जात नसे. कमरेला चुण्या, मांडीपाशी पोतं, खाली पायाशी रुंद, घोळदार मोरी. शर्ट असा, की वारा आला की माणूस आधी फुगायचा, मग चालायला लागायचा. पुढे तयार जीन्स आल्या, तंग पायांची फॅशन आली आणि मशीन कोपऱ्यात गेलं. उरलेल्या दुकानात मुलगा धनेश मोबाईलची कव्हरं विकतो. यंदा त्याला तो कोपराही हवा होता.

तेवढ्यात लग्न ठरलेला नविन दुकानात आला. त्याच्या हळदीला त्याला आणि त्याच्या मित्रांना नव्वदच्या दशकातले कपडे हवे होते.

“काका, ढगळ पायजे. एकदम ढगळ.” त्याने मोबाईलवर फोटो दाखवला.

“हे ढगळ?” चिमण म्हणाला. “एवढ्यात आम्ही एक पाय शिवायचो.”

धनेश म्हणाला, “बाबा, ही ऑर्डर फसली तर मशीन घरी न्यायचं.”

“आणि जमली तर तुझी कव्हरं दाराला टांगायची.”

चिमणने कापड बेतायचे पुठ्ठ्याचे जुने खाके काढले. चार दिवस तो शिट्टी वाजवत शिवत होता. हातशिलाईला बायको बायजी होती.

पूर्वी नवी पँट वर्षातून एकदाच मिळे, यात्रेला. पोरगा मात्र वर्षभर वाढे. म्हणून चिमण पायाशी वीतभर कापड आत दुमडून कच्च्या दोऱ्याने अडकवून ठेवी. पुढच्या यात्रेला दोरा ओढला की पँट लांब. जुने खाके हातात आले तशी जुनी सवयही आली. सगळ्या पँटींना त्याने दुमड घातली.

बायजी म्हणाली, “ही लग्नाची पोरं अजून वाढायची हायत का?”

“तू दोरा ओव.”

हळदीला मांडवापुढे तारपा घुमू लागला. पोरं कमरेला हात घालून गोल फिरू लागली, ठेक्यावर पाय आपटू लागली. कच्चा दोरा असल्या आपटण्यासाठी नसतो. आधी नविनचा उजवा पाय कापडात गायब झाला. मग डावा. मग रांगेत एकेकाचे पाय नाहीसे होत गेले. प्रत्येक जण आपल्याच पँटीवर उभा होता. एक पडला, त्याने दुसऱ्याला ओढलं, आणि सगळी रांग हळदीसकट जमिनीवर आली.

चिमणने डोळे मिटून घेतले. धनेश त्याच्या कानाशी म्हणाला, “उद्या मशीन उचलायला टेम्पो सांगतो.”

पण म्हातारी शुक्री, नविनची आजी, टाळ्या पिटत ओरडली, “अगं, ही तर नविनच्या बापाची, आपल्या काळ्याची यात्रेची पँट! वर्ष व्हायच्या आत वाढली!”

हसण्याने तारपेवाल्याची फुंक सुटली. कुणीतरी पोरांना कपडे बदला म्हणालं. कुणी बदलले नाहीत. पँटी फरफटवत, धूळ उडवत ती पहाटेपर्यंत नाचली. धनेशने काढलेला व्हिडिओ सकाळपर्यंत तलासरीला पोचला होता.

दुपारी दुकानापुढे दोन मोटारसायकली येऊन थांबल्या. “काका, ती नाचताना उलगडणारी पायजे.”

आता कव्हरं दाराला टांगलेली असतात. चिमण मुद्दाम हलका दोरा वापरतो. गिऱ्हाईक येण्याआधी बायजी लुगड्यावरून पँट चढवते, दोरा नीट सुटतो का बघायला रस्त्यावर येऊन पाय आपटते आणि जीपवाले ओरडतात, “काकी, अजून एकदा!”