मोतीरामच्या लेकीचा बस्ता

आदिलाबादच्या बाजारात तेलुगू बाई ‘चीर’ मागायची, बेला गावाकडची मराठी बाई लुगडं मागायची आणि बँकेतल्या साहेबाची बायको साडी मागायची. मोतीराम तिघींपुढे एकच घडी उलगडायचा. सव्वीस वर्षं तो एकाच दुकानात, एकाच गादीवर विक्रीला बसला होता. बसला होता म्हणायचं आपलं. दिवसभर वाकायचं, उलगडायचं, पसरायचं, आणि गिऱ्हाईक ‘पाहून येतो’ म्हणून गेलं की पुन्हा घड्या घालायच्या. शंभर साड्या दाखवल्या तर चार खपायच्या, घड्या मात्र शंभरच्या शंभर घालाव्या लागायच्या. संध्याकाळी शेजारच्या मावल्याला चालत घरी जाताना खांदे जागेवर आहेत की दुकानातच राहिले, हे त्याला कळत नसे. बायको ताराबाई तेल चोळून द्यायची आणि म्हणायची, “सोडा ना आता हे काम.” तो हं म्हणायचा आणि झोपायचा.

शहाऐंशी सालच्या चैत्रात त्याच्या रुख्मिणीचं लग्न बेल्याच्या चंपतरावांच्या मुलाशी ठरलं. मग आला बस्ता. दोन्हीकडच्या मंडळींनी एकत्र बसून लग्नाचे सगळे कपडे घ्यायचे, नवरीचा शालू नवऱ्याकडच्यांनी घ्यायचा आणि पसंत सासूने करायचा. नवरीने घरीच बसायचं, तिला कोण विचारतो! मोतीरामने एकच हट्ट धरला, बस्ता आपल्याच दुकानात. चंपतरावांना वाटलं, भावात सूट मिळेल म्हणून म्हणत असेल. खरं कारण सांगायला त्याला लाज वाटत होती. कुणाला विमानात बसायचं असतं, मोतीरामला गादीच्या पलीकडे बसायचं होतं. तक्क्याला टेकून, पाय पसरून, ‘ही नको, ती वरची काढा’ असं म्हणायचं होतं. एकच दिवस.

सेठ दिलदार निघाला. “मोतीराम, आज तू गिऱ्हाईक. इधर नै आना,” असं म्हणून त्याने त्याला व्याह्यांच्या शेजारी बसवलं. धोतर धुतलेलं, टोपी नवी. मोतीराम तक्क्याला टेकला आणि त्याची पाठ इतकी सुखावली की डोळ्यात पाणी आलं. तर बाप म्हणून बसणं असं असतं!

दाखवायला केशवराव होता. दोन वर्षांमागे किराण्याच्या दुकानातून आलेला माणूस. तो साडी उलगडायचा ती पोतं झटकल्यासारखी. ईनबाई, म्हणजे विहीणबाई, चंपतरावांच्या बायको बयनाबाई, एकामागून एक शालू बाजूला सारत होत्या.

“असं नाई समजत. आंगावर लावून दाखवा,” त्या म्हणाल्या.

केशवरावाने कमरेशी निऱ्या धरल्या आणि पदर खांद्यावर टाकला. निऱ्या सुटल्या. पुन्हा धरल्या, पुन्हा सुटल्या.

“इवाई, तुमीच दाखवा न,” बयनाबाई वळून म्हणाल्या. “तुमचं तं कामच हाय.”

त्यांच्या मनात काही वाकडं नव्हतं. तेच वाईट होतं. मोतीरामने बायकोकडे पाहिलं. ताराबाईने मान खाली घातली. ‘आज मी पोरीचा बाप हाओ’ हे त्याच्या ओठावर आलं होतं, पण गिऱ्हाइकाने हाक मारली की उठायची गुडघ्यांना सवय होती. तो कधी उठला आणि कधी पलीकडे गेला ते त्यालाच कळलं नाही.

त्याने लाल शालू काढला, चार बोटांत निऱ्या बसवल्या, पदर खांद्यावर टाकला. गादीवरची कुजबुज थांबली. व्याह्यांसमोर नवरीचा बाप नवरीचा शालू लावून उभा होता आणि शालू झक्क दिसत होता.

बयनाबाईंनी जरीचा काठ चिमटीत धरला. “हे काळं तं नाई पडत?”

पडत होतं. याच मालातले शालू नेलेल्या तीन बाया हिवाळ्यात परत आल्या होत्या, काठ तव्यासारखे झालेले. सेठने डोळ्याने खूण केली तसं मोतीरामनेच त्यांना ‘ओल लागली असेल’ म्हणून वाटेला लावलं होतं. आत्ताही सेठ गल्ल्यावरून पाहत होता.

“नाई पडत, बाई,” मोतीराम म्हणाला. “माह्या पोरीले घ्याचा असता, तं हाच घेतला असता.”

मग चंपतराव मांडीवर थाप मारून हसले. “अवो, तुमच्याच पोरीले घेऊन राह्यलो न आमी!”

सेठ हसला, केशवराव हसला, ताराबाईसुद्धा पदराआड हसली. बयनाबाई म्हणाल्या, “बापच सांगते म्हनल्यावर आता काय पाह्याचं? बांधा.”

‘माह्या पोरीले घ्याचा असता’ हे वाक्य त्याने किती बायांना ऐकवलं असेल, देव जाणे. जीभ आपोआप चालली. ‘थांबा ईनबाई’ एवढंच म्हणायचं होतं. पण मग सेठ, मग नोकरी, मग भर दुकानात खुलासे, आणि अंगावरून शालू अजून उतरायचा होता. त्याला एकदम फार थकवा आला. त्याने शालू उतरवला आणि घडी घातली. घडी सुरेख बसली.

घरी रुख्मिणी दारातच होती. “बाबा, शालू कोनं पसंत केला?”

“तुह्या सासूनं,” तो म्हणाला आणि हातपाय धुवायला मागे गेला. तिथे त्याला लाज वाटली, सेठची नाही, ईनबाईंचीही नाही, त्या पोरीची. तो बराच वेळ पाणी घेत राहिला.

सकाळी तो दुकानात गेला. निर्मल गावची एक बाई आली, लेकीच्या लग्नाची खरेदी होती. मोतीरामने त्याच मालातला शालू उलगडला. तिने काठ चाचपला आणि तेलुगूत विचारलं, टिकेल ना? मोतीरामने काठावरून हात फिरवला. मग त्याने तेलुगूतच सांगितलं, कालच माझ्या लेकीला यातलाच घेतला.

बाईने लगेच बांधायला सांगितलं. सव्वीस वर्षांत गिऱ्हाइकाशी तो पहिल्यांदाच खरं बोलला होता.