शेंगा निवडणाऱ्या दोघी

चीनमधल्या पिंगयाव या तटबंदीच्या जुन्या शहरात काढलेले माझे फोटो कसब्यातल्या एका छोट्या हॉलमध्ये लावले होते. येणारा प्रत्येकजण कॅमेऱ्याचं विचारायचा आणि मीही खुशीत सांगत बसायचो. एका दुपारी भाजीची पिशवी घेतलेल्या एक आजी आत आल्या आणि एकाच फोटोपुढे थांबल्या. त्यात उंबऱ्यावर बसलेली एक चिनी म्हातारी शेंगा निवडत होती.

"अहो, कसल्या शेंगा या?"

"घेवड्याच्या असाव्यात."

"असाव्यात? विचारलं नाहीत?"

"मला चिनी येत नाही, आजी."

"शेजारी बसून शेंगा निवडायला चिनी कशाला यायला हवी?"

त्यांनी माझीच खुर्ची ओढून घेतली, पिशवीतला घेवडा पदरात ओतला आणि फोटोकडे तोंड करून एकेका शेंगेच्या शिरा काढू लागल्या. मधेच एखादी किडकी शेंग फोटोतल्या बाईंना दाखवल्यासारखी वर धरायच्या. मी उभाच.

घेवडा संपला तशा त्या उठल्या, पदर सारखा केला.

"बरं, येते हं."

"या ना, उद्याही आहे प्रदर्शन," मी म्हणालो.

त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं.

"तुम्हाला नाही म्हटलं."