अंघोळ यादीत नव्हती

१९७६, मार्गशीर्षातला शुक्रवार, सकाळ. अंबाबाईच्या दर्शनाच्या रांगेत आम्ही चौघं: मी, हे, सासूबाई आणि चार वर्षांची सुमा. दुसऱ्या दिवशी मुंबईला निघायचं होतं. सुमाला तान्हेपणापासून इसब. कोपरांच्या आत, गुडघ्यांच्या मागे कातडी चिरलेली. "इतर मुलांना लागेल," म्हणून बालवाडीच्या बाईंनी तिला घरी पाठवलं होतं आणि ती रोज दप्तर घेऊन दारात बसायची. मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयात लहान मुलांच्या त्वचारोगांचा वेगळा विभाग आहे असं कळल्यावर मी दोन पानी यादी केली: बंद केलेले पदार्थ, लावलेली मलमं, धरलेले उपास. सगळं नीट करूनही गुण येत नव्हता. देवीवरचा माझा विश्वास डळमळला होता, हे कबूल करते. रांगेतही मी यादीच तपासत होते.

पुढे एक आजी उभ्या होत्या, शिरोळहून आल्याचं शेजारणीला सांगत होत्या. सुमाचे हात पाहून वळल्या.

"इसब हाय न्हवं? माझ्या नातवाला बी हुतं. मुंबईला दावलं. अंघोळीला काय करतीस हिच्या?"

"कडुनिंबाचं कढत पाणी आणि वज्रीनं घासते. दोन वेळा," मी म्हणाले.

"आगं, पोरगी हाय का दुधाचं पातेलं? तितल्या डॉक्टरनं पयलं त्येच बंद केलं."

सासूबाई म्हणाल्या, "मी सांगत हुतो की. पर हिच्याम्होरं बोलायचं कुणी?"

मला हसू आलं नाही. अंघोळ माझ्या यादीत नव्हतीच. तिला मी उपचारात धरलंच नव्हतं, आणि घासणारा हात माझाच होता. मान वर केली तोवर आजी गर्दीत गेल्या होत्या. देवीसमोर ठरवलेलं काहीच मागितलं नाही. "आता तूच सांग, मी ऐकते," एवढंच म्हणाले.

मुंबईच्या डॉक्टरांनी माझी दोन्ही पानं बाजूला ठेवून आधी अंघोळच विचारली. कोमट पाणी, पाच मिनिटं, अंग ओलसर असतानाच मलम, वर सुती झबलं. हा आजार लागत नाही, अशी बाईंसाठी चिठ्ठीही दिली. इसब पुरतं गेलेलं नाही, पण सुमा शांत झोपते आणि बालवाडीत जाते. आजी माणूस होत्या की देवीच, यावर मी वाद घालत नाही. ज्या दिवशी मी घासणारा हात थांबवला, त्या दिवशी मला मदत दिसली, एवढं मला कळतं.

इतक्या याद्या करणारी मी, त्यांचं नाव विचारायला विसरले. खण-नारळ आणून ठेवला आहे. शिरोळला जाऊन त्यांना शोधायचं अजून राहिलं आहे.