दोन रहाटांचं गणित

बायांनो, वाचून झालं की हा कागद शेजारणीकडे द्या. माझ्या दोनच इयत्ता झाल्यात, अक्षराला हसू नका, पण आज लिहिल्याशिवाय राहवत नाही.

दुपारी नातीला, सुमनला, हायस्कुलात घालायला आगाशीला गेलो. माझा मुलगा आधीच नाखूश. "गणित चुकलीस तर घरी बसायचं. रहाटावर बैल हाकायला माणूस नाही," असं पोरीला वाटभर बजावत होता.

हेडमास्तरांनी विचारलं, "एका नळाने हौद सहा तासांत भरतो, दुसऱ्याने तीन तासांत. दोन्ही सोडले तर?"

पोरीला नळाचंच कोडं पडलं. आमच्या वटार गावात नळ पाहिलाय कोणी! मुलगा चपला घालून उभासुद्धा राहिला.

"अगं, नळ कशाला, वाडीतले दोन रहाट धर!" मी बोलूनच गेले.

सुमनने डोळे मिटले. "सहा तासांत एक रहाट एक हौद भरेल, दुसरा दोन. मिळून तीन हौद. म्हणजे एक हौद... दोन तासांत."

"अडीच म्हण गं," मी म्हटलं. "बैलांना वैरण नको?"

हेडमास्तर मोठ्याने हसले. "आजी, पुस्तकातले बैल दमत नाहीत. दोनच बरोबर!" आणि नाव लिहून घेतलं.

बाहेर आल्यावर मुलगा म्हणाला, "आणि आपले बैल?"

"मी हाकीन."

कंबर दुखेल, दुखू दे. तुमच्याकडे कुणाची सातवी झालेली नात अजून बैलांमागे फिरतेय का गं?