सेटल होणं

कोथरूडला आम्ही राहायला गेलो तेव्हा आमच्या सोसायटीमागे अजून ज्वारी उभी असायची. वर्षभरातच आमच्या स्वयंपाकघराचं दार चौकटीत अडकायला लागलं. मग चौकटीच्या कोपऱ्यातून एक बारीक चीर छताकडे निघाली.

बिल्डरने इंजिनिअर पाठवला. त्याने चिरेवरून बोट फिरवलं. "काही नाही हो वहिनी. बिल्डिंग सेटल होतेय. नवी बिल्डिंग सेटल व्हायचीच."

हे खूश झाले. "चला, आपल्याबरोबर तीही सेटल होतेय."

मी शाळेत इंग्रजी शिकवत होते. त्याच आठवड्यात धड्यात हे क्रियापद आलं. भांडण मिटणं, परगावी स्थायिक होणं, पाखराने फांदीवर बसणं. मुली भराभर वाक्यं करत होत्या. गढूळ पाण्यातला गाळ तळाशी बसतो, हे वाक्य मी स्वतः फळ्यावर लिहिलं आणि खडू तिथेच थांबला. इंजिनिअरने यातला कोणता अर्थ सांगितला होता, ते मला तेव्हा कळलं.

"अहो, सेटल होणं म्हणजे खाली जाणं," मी घरी येऊन म्हटलं.

"तुझ्या डिक्शनरीवर इमारती उभ्या राहत नाहीत."

तरी त्यांनी चिरेवर काचेची एक पट्टी आडवी चिकटवली. भिंत हलली तर काच तडकणार. पोळ्या लाटतानाही माझे डोळे तिकडेच असायचे. एका दुपारी मी तांदूळ निवडत बसले होते. टक्क असा आवाज झाला. काचेचे दोन तुकडे झाले होते.

यांनी पाहिलं आणि कपडे चादरीत बांधायला घेतले. मी खाली जाऊन तळमजल्यावरच्या काकांना सांगितलं. बायको गेल्यापासून ते एकटेच राहत.

"अहो बाई, मी इथे सेटल झालोय," ते म्हणाले. "आता मला हलवू नका."

आम्ही शनिवार पेठेत नणंदेकडे गेलो. हळूहळू बाकीची बिऱ्हाडंही निघाली. काका राहिले. श्रावणात इमारतीची मागची बाजू बसली.

त्यांचा मुलगा परदेशात, म्हणून ओळख पटवायला हे गेले. परत आले ते चहाला नको म्हणाले. चपलाही न काढता नणंदेच्या भिंतीला कान लावून उभे राहिले.

"काय झालं?" मी विचारलं.

"गप्प बस जरा," ते म्हणाले. "ऐकू दे."