हिरोच्या मागचा आंबा

मला रोज बदलापूर स्टेशनवरून घरी सोडणारा रिक्षावाला आरशात बघून बोलतो आणि दोन शब्दांत आटपतो. माझ्या आवडत्या मारधाडीच्या सिनेमाचा शेवट सोनिवलीत, त्याच्याच शेताजवळ शूट झाला होता. ती जागा बघायला मी त्यालाच घेऊन गेलो. त्या दिवशी तो बोलला.

"शूटिंगवाल्यांना आमचं आंब्याचं झाड नको होतं. आईने लावलेलं. बोललो, तुम्हीच दुसरीकडे जा. शेवटी झाड ठेवूनच शूट केलं."

हिरो उभा होता तिथे मी ऐटीत उभा राहिलो. रिक्षावाल्याने फोटोसाठी मोबाइल धरला, पुन्हा खाली घेतला.

"साहेब, बाजूला सरा जरा. हिरोने पण झाड असंच झाकलं होतं."

फोटोत मी अर्धाच आलोय. आंबा शेंड्यापर्यंत आलाय.