आधी डोळे

चेल्लय्याला चित्रं काढायला कुणी माणसानं शिकवलं नाही, बैलांनी शिकवलं, असं त्याची बायको मुत्तुपेच्ची सांगायची. माट्टू पोंगलला, म्हणजे तिकडच्या पोळ्याला, गावातल्या बैलांची शिंगं रंगवायचं काम नवव्या वर्षी त्याच्याकडे आलं. बैल मान हलवायचे, रंग ओघळायचा, आणि त्या ओघळाचीच वेल करायला तो शिकला. शिंगांवरून दारांवर, दारांवरून चहाच्या टपरीवर, तिथून लॉऱ्यांच्या मागच्या फळ्यांवर त्याचे मोर, सिंह आणि मिशाळ पहिलवान पसरत गेले.

त्याची पद्धत उलटी होती. तो आधी डोळे काढायचा. डोळे बघायला लागले की नाक कुठं, तोंड कुठं ते आपोआप कळतं, असं त्याचं म्हणणं. डोळ्यांवाचून केलेला चेहरा त्याच्या हातून हमखास भोपळा व्हायचा.

पंचेचाळिशीत त्याच्या मनातलं काम समोर आलं. गावच्या वेशीवर राखणदार देव अय्यनार बसतो, दोन पुरुष उंच, हातात तलवार, बाजूला त्याचे मातीचे घोडे. जत्रेआधी त्याला नवा रंग चढतो, आणि तो मान पिढ्यान्‌पिढ्या कुंभारांचा. त्यांच्यातले म्हातारे अरुमुगम वेळार यांचे हात आता कापत होते, मुलं तिरुप्पूरला गिरण्यांत गेलेली. त्यांनी चेल्लय्याला बोलावून सांगितलं, या वर्षी चेहरा तुझा. जमला तर पुढं सगळंच तुझं, घोडेसुद्धा. नाही तर शहरातून माणूस आणू. अट एकच होती: डोळे शेवटी, जत्रेच्या सकाळी, समोर आरसा धरून. देवाची पहिली नजर आरशावर पडावी, फार तर गुराढोरावर. माणसावर पडली तर माणूस करपतो.

चेल्लय्या दोन दिवस शिडीवर होता. तीनदा चेहरा केला, तीनदा पुसला. खाली उतरला तेव्हा मुत्तुपेच्ची जेवण घेऊन उभी होती.

"आजही भोपळाच का?"

"हसू नकोस. काम हातचं जाईल."

"मग पानावर काढा की डोळे. चिकटवा, चेहरा करा, पानं काढून टाका."

त्यानं फणसाच्या दोन पानांवर चुन्यानं आणि काजळीनं डोळे काढले आणि भाताच्या पेजेनं ते देवाला डकवले. मग अर्ध्या दिवसात नाक, ओठ, मिशा जागच्या जागी आल्या. पानं सोलून त्यानं खाली टाकली.

जत्रेच्या सकाळी आरसा धरला, माणसं बाजूला झाली, चेल्लय्यानं कुंचल्यानं देवाचे डोळे उघडले. ढोल वाजले. वेळार मात्र बराच वेळ चेहऱ्याकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "हे नाक डोळ्यांना विचारून काढलंय. खरं सांग."

चेल्लय्यानं सांगून टाकलं.

"ती पानं कुठायत?"

उत्तर मुत्तुपेच्चीनं दिलं. "आमच्या शेळीनं खाल्ली, अय्या. तिथंच, शिडीखाली."

"पडली तेव्हा डोळे वर होते की खाली?"

"वर. तिच्याकडेच बघत होते."

"शेळी बरी आहे ना?" वेळारांनी विचारलं.

"काल दोन पिल्लं दिली."

"मग गुरात धरू तिला," म्हातारे म्हणाले आणि कमरेची कुंचल्यांची थैली सोडून त्यांनी चेल्लय्याच्या हातात दिली. "घोड्यांना तो नियम नाही. त्यांचे डोळे खुशाल आधी काढ."